कात्रणबाई आणि तीनशे बारा सूचना

कात्रणबाईंच्या कात्रीला एक काळा दोरा बांधलेला असे आणि त्याचं दुसरं टोक टेबलाच्या खिळ्याला. वाचनालयातून कात्री कुणी पळवील म्हणून नव्हे. बाई स्वतःच ती पर्समध्ये टाकून घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयभर शोधत, म्हणून.

माझ्या डायरीत त्यांची पहिली नोंद एकतीस वर्षांपूर्वीची आहे. "वाचनालयात नवीन बाई. उंच. शिंकल्या की खिडकीच्या काचा वाजतात. कात्रणं करणार म्हणे." त्या काळी आमच्या वाचनालयात नऊ वर्तमानपत्रं येत. बाई रोज सकाळी ती नऊच्या नऊ वाचत आणि ज्याला जे हवं ते कापून त्याच्या पाकिटात घालत. भिंतीवर लाकडी कप्पे होते, कप्प्यांत तपकिरी पाकिटं, पाकिटावर वाचकाचा विषय. निवृत्त पोस्टमास्तरांना जहाजं, बेकरीवालीला हवामान, दातांच्या डॉक्टरांना शब्दकोडी. आमच्या ह्यांचं कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यांच्या पाकिटावर अर्थातच "घड्याळं". माझं पाकीट नव्हतं. मला सगळं स्वतः वाचायची खोड. बाई म्हणायच्या, "काकू, तुमचा विषय मला अजून सापडायचाय."

पुढे नवाची पाच वर्तमानपत्रं झाली, पाचाची दोन. जो तो आपली बातमी आपापल्या वेबसाइटवर टाकू लागला. पालिकेची एक, सरकारी दवाखान्याची एक, शाळेची, बसची, पोहण्याच्या तलावाची. इतक्या दारांवर रोज कोण जाऊन बघणार? बाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. कात्री म्यान करून स्वस्थ बसल्या असत्या तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पण एके दिवशी पालिकेच्या पानाच्या तळाशी त्यांना एक छोटं नारिंगी चिन्ह दिसलं. त्यांनी ते दाबून बघितलं. चित्र नाही, सजावट नाही, नुसती एक यादी उघडली. प्रत्येक बातमीचा मथळा, दोन ओळींचा मजकूर, तारीख, मूळ पानाचा पत्ता आणि एक लांबलचक नंबर.

मी समोरच बसले होते. बाई खुर्चीतून उठल्याच.

"काकू, हे बघा! हे म्हणजे आधीच कापून ठेवलेलं कात्रण!"

याला फीड म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं. बाईंनी पुस्तक आणून स्वतःच शिकून घेतलं आणि त्रेचाळीस ठिकाणच्या फीडा एकत्र करणारं एक पान तयार केलं. मला त्यांनी ते असं समजावलं: यंत्र दर अर्ध्या तासाने त्रेचाळीस दारं वाजवतं आणि विचारतं, नवीन काही? दारातून यादी येते. यादीतले जे नंबर यंत्राच्या वहीत आहेत ते जुने, जे नाहीत ते नवे. नवे तेवढे उचलायचे आणि पानावर लावायचे. आणि गंमत म्हणजे बाईंच्या पानाचीही स्वतःची फीड होती. ती बेकरीतला पडदा घ्यायचा, बसथांब्यावरची पाटी घ्यायची, शाळेचं पान घ्यायचं. बाईंनी एकदा लावलं की चार ठिकाणी दिसे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी साडेनऊला पान छापून वाचनालयाच्या दाराशी चिकटवत.

असं सात वर्षं बिनबोभाट चाललं. इतकं बिनबोभाट, की वाचनालयाच्या समितीला प्रश्न पडला, ही बाई दिवसभर करते काय?

समितीचे अध्यक्ष म्हणजे तेच शब्दकोड्यांचे दातवाले डॉक्टर. माणूस सरळ, पण एकदा दात काढायचा म्हटलं की काढायचाच. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "यंत्र आपोआप चालतं ना? मग आठ दिवस तुम्ही रजा घ्या. पान नीट चाललं, तर तुमच्या टेबलाच्या जागी आपण पुस्तकं घेण्या-देण्याचं यंत्र बसवू. तुम्हाला नदीपलीकडच्या मुख्य गोदामात पाठवू. तिथे बांधणीला माणूस हवाच आहे."

निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ते गोदाम मी पाहिलंय. खिडकी नाही, वाचक नाही, नुसता खळीचा वास. बाईंनी त्यावर एवढंच विचारलं, "काय काय करते ते लिहून ठेवू का?" आणि चार पानं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली. छपाईयंत्राला कागद कधी घालायचा, अडकला तर कुठून ओढायचा, बेकरीचा पडदा काळा पडला तर कुणाला फोन करायचा. वाचनालयाच्या शिपायांनी ती दोनदा वाचून मान डोलावली. बाई घरी गेल्या. कात्री मात्र दोऱ्याला तशीच लटकत ठेवून गेल्या, ते मला बघवेना.

सोमवार उत्तम गेला. मंगळवारही उत्तम. मला वाटलं, संपलं आता.

बुधवारी सकाळी साडेआठला माझी धाकटी जाऊ पाव घेऊन आली ती धापा टाकतच. आम्ही दोघी एकत्र राहतो. ती साठीची, मी शहात्तरची, पण घरातली सगळी धावपळ तिने स्वतःकडे घेतली आहे, गरज असो वा नसो.

"ताई, उद्या नऊ ते पाच पाणी बंद!"

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? बेकरीच्या पडद्यावर आहे. बसथांब्यावर आहे. शाळेच्या पानावर आहे, शेजारच्या मास्तरीणबाईंनी आत्ता दाखवलं. आणि माझ्या फोनवर वाचनालयाच्या पानावर तर आहेच. चार ठिकाणी खोटं असेल का?"

"अगं, ती तिन्ही ठिकाणं वाचनालयाच्या पानावरूनच घेतात. चार तोंडं दिसतायत, बोलणारं एकच आहे."

"तुम्ही बसा विचार करत. मी पिंप भरते."

आणि ती भरू लागली. पिंप झालं, बादल्या झाल्या, मग पातेली, मग कुकर, मग चहाचं आधण ठेवायला भांडं उरलं नाही. मी तिचा फोन घेऊन सूचना नीट वाचली. "मोठ्या टाकीची उजवी भिंत रंगवायची असल्याने." उजवी भिंत. हे मी कुठेतरी लिहिलंय, असं मनात आलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, ज्या कागदावर तारीख नाही तो कागद अनाथ. त्यामुळे सातवीपासून माझा एकही कागद अनाथ नाही. कपाटातून वह्या काढल्या आणि दहा मिनिटांत सापडलं. चार वर्षांपूर्वीची नोंद: "उद्या पाणी बंद, टाकीची उजवी भिंत. ह्यांनी थट्टेने तेलाच्या रिकाम्या बाटल्यांतही पाणी भरून ठेवलं."

मग मी फोनवर पान खाली सरकवत गेले. पूल रंगवण्यासाठी बंद, हा पूल तर रंगवून पुन्हा गंजला होता. राखाडी मांजर हरवलं आहे, ते मांजर त्या क्षणी समोरच्या खिडकीत पाय चाटत बसलं होतं. आणि त्याखाली: "आज संध्याकाळी पाच वाजता, वाचनालयाचं सभागृह. थांबलेलं घड्याळ घरी कसं तपासावं? बोलणार: कोपऱ्यावरचे घड्याळजी."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

जाऊ खांद्यावरून बघत होती. हातातली बादली तिने हळूच खाली ठेवली. मग म्हणाली, "भावोजी वेळेचे फार पक्के. एवढा उशीर त्यांनी कधी केला नव्हता."

आम्ही दोघी इतक्या हसलो की बादली सांडली.

मग एकेक सूचना वह्यांशी ताडून पाहिली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी मी कात्रणबाईंना फोन केला. त्या घरी स्वयंपाकघराचं कपाट खरवडत होत्या. आठ दिवस पानाकडे बघायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बघितलं तर ती परीक्षा कसली?

"बाई, तुमचं पान चार वर्षांपूर्वीचं बोलतंय," मी म्हटलं आणि नोंद वाचून दाखवली.

पलीकडे खरवडणं थांबलं. मग बटणांचा आवाज आला. मग, "अगं बाई! नंबर बदललेत."

झालं होतं असं. पालिकेने त्या दिवशी पहाटे आपली वेबसाइट नव्या यंत्रावर नेली. जुन्या सूचनाही नेल्या, आणि नेताना प्रत्येक सूचनेला नवा नंबर पडला. बाईंच्या यंत्राने सकाळी दार वाजवलं. यादी तीच, पण नंबर एकही ओळखीचा नाही. म्हणजे सगळंच नवीन! तीनशे बारा सूचना त्याने इमानाने उचलल्या आणि लावल्या.

"पण तारखा जुन्या असतील ना? यंत्र तारीख बघत नाही?"

"नाही बघत, काकू. मीच बघू नको म्हणून सांगितलंय."

सरकारी दवाखान्याचं यंत्र प्रत्येक सूचनेवर एक जानेवारी १९७० ही तारीख टाकतं. काही केल्या सुधारत नाही. तारखेवर विश्वास ठेवला असता, तर लसीकरणाची प्रत्येक सूचना पन्नास वर्षांची शिळी म्हणून बाद झाली असती. म्हणून बाईंनी यंत्राला सांगितलं, तू फक्त नंबर बघ, तारखा मी बघते. लोक गोंधळतात म्हणून पानावरूनही तारीख काढून टाकली. आणि सात वर्षं रोज नऊ वाजता आल्या आल्या, पदर खोचायच्या आधी, त्या तारखांच्या रकान्यावरून बोट फिरवत. जुनं दिसलं की काढून टाकत.

"आणि ते त्या चार पानांत लिहिलं नाहीत?"

"नाही ना! लिहायचं सुचलंच नाही. ते मी करते हेच मला माहीत नव्हतं."

रजेवर असताना पानाला हात लावायचा नाही, अशी समितीची अट होती. म्हणून बाईंनी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांनी तोवर गुरुवारचे चौदा रोगी रद्द केले होते, कारण पाण्याशिवाय दात कोरणार कसा? बाई बोलायच्या आत ते म्हणाले, "ते राहू द्या, आधी सांगा, पाणी पाचला नक्की येईल ना?"

"साहेब, पाणी जाणारच नाहीये."

नंतर डॉक्टर काय म्हणाले, ते बाईंनी मला कधी सांगितलं नाही. मात्र परवानगी मिळाली.

बारा वाजता त्या वाचनालयात आल्या, बोटांवर रंगाचे पापुद्रे तसेच. दाराशी भिंतभर बावीस कागद चिकटवलेले होते आणि शिपाई हताश उभे होते. "बाई, तुम्ही लिहिलंत तसंच केलं. गोंद संपला."

बाईंनी आधी तीनशे बारा सूचना पानावरून उतरवल्या. पण पडद्यांनी आणि पाट्यांनी त्या केव्हाच उचललेल्या. तिथून त्या आपोआप जात नाहीत. म्हणून एकेकाला फोन. बेकरीवालीने सांगितलं, "माझं गिऱ्हाईक पाव सोडून मांजर शोधतंय. दोघांनी आणलीही, दोन्ही दुसऱ्याच कुणाची." मग बाईंनी एक नवी सूचना लिहिली: "आज सकाळी आलेल्या पालिकेच्या सूचना जुन्या आहेत. चूक वाचनालयाची. क्षमस्व." आणि तीही चारही ठिकाणी लागली.

पण छापील पान वाचून गेलेल्यांचं काय? त्यांना कळवायला रस्ता नव्हता. बाई म्हणाल्या, "पाचला मी सभागृहाच्या दारात उभी राहते. कुणी आलंच तर माफी मागेन." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ, काकू. तुम्हाला त्रास होईल."

मी गेले. जाऊही आली. म्हणाली, भांडी सगळी भरलेली आहेत, घरी बसून करू काय?

सभागृहात अकरा माणसं होती आणि चौदा घड्याळं. कुणाच्या मांडीवर गजराचं, कुणाच्या पिशवीतून लंबक डोकावतोय. पोस्टमास्तर पहिल्या रांगेत, भिंतीवरचं मोठं घड्याळ पोटाशी धरून. बाई समोर उभ्या राहून म्हणाल्या, "माफ करा. सूचना जुनी होती. घड्याळजी आपल्यात नाहीत."

"ते ठाऊक आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "मी त्यांना खांदा दिलाय. मला वाटलं, त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं असेल. घड्याळ तर बंदच आहे ना माझं."

कुणी उठेना. मी चाळीस वर्षं त्या दुकानात ह्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून डायरी लिहिली. हात कधी लावला नाही, पण कानांनी सगळं ऐकलं. मी पोस्टमास्तरांना म्हटलं, "आधी किल्ली दिलीत का?"

"दिली."

"भिंतीला सरळ लावलं होतं का? एका बाजूला कललं की टिकटिक लंगडी होते आणि थांबते. आणि काटे बघा, एकमेकांना घासत नाहीत ना?"

घासत होते. मी मिनिटकाटा नखाने केसभर बाहेर घेतला, घड्याळ सरळ धरलं, लंबकाला बोट लावलं, आणि ते चालू झालं. मग बाकीच्यांनीही आपापली घड्याळं पुढे केली. पाऊण तासात पाच चालू झाली. उरलेल्या नऊंचं मला काही कळलं नाही, तसं मी सांगून टाकलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. चौदा रोग्यांना पुन्हा फोन करून त्यांचा आवाज बसला होता, तरी चढवलाच. "हे काय चाललंय? कुणाच्या परवानगीने? आणि मला सांगा, सकाळची चूक कुणाची? पालिकेची की यंत्राची?"

आता बाईंनी पालिकेचं नाव घेतलं असतं तरी ते खोटं नव्हतं. मी मनात म्हणत होते, घ्या, घ्या.

"माझी," बाई म्हणाल्या. "यंत्राला तारीख बघू नको असं मी सांगितलं होतं. मी बघत होते. ते लिहून ठेवायला विसरले."

"म्हणजे तुम्ही रोज फक्त तारीख बघता? एवढंच?"

"एवढंच. पण रोज."

डॉक्टर काही बोलणार इतक्यात सभागृहात पाच घड्याळांचे मागेपुढे ठोके पडले. एकाने सहा वाजवले, एकाने अकरा, पोस्टमास्तरांच्या घड्याळाने तर थांबायचं नावच घेतलं नाही. डॉक्टर ठोके संपायची वाट बघत उभे राहिले, आणि तेवढ्यात त्यांचा राग निम्मा उतरला असावा. "शुक्रवारी समितीत बघू," म्हणून गेले.

जाऊ मागून म्हणाली, "डॉक्टर, पाणी लागलं तर सांगा. सतरा भांडी आहेत."

गुरुवारी नळ धो धो वाहत होते. जाऊने सगळे पडदे धुतले, जिना धुतला, शेजाऱ्यांची झाडं बुडेपर्यंत पाणी घातलं. मला मात्र शुक्रवारचीच काळजी. समितीची सभा चार वाजता होती. पोस्टमास्तर समितीवर आहेत, त्यांच्याकडून कळलं ते असं: एक सदस्य म्हणाले, यंत्राला तारीख बघायला लावा, झालं. डॉक्टर म्हणाले, मग दवाखान्याच्या सूचना जातील. सदस्य म्हणाले, दवाखान्यापुरता वेगळा नियम करा. डॉक्टर म्हणाले, आणि उद्या तलावाचं यंत्र काय करेल ते तुम्ही आज सांगा. मग म्हणाले, "माझ्याकडचं यंत्र दाताला भोक माझ्यापेक्षा सुबक पाडतं. पण कुठल्या दाताला, ते तोंड उघडून मीच बघतो ना?"

टेबल राहिलं. पुस्तकं घेण्या-देण्याचं यंत्र जिन्याखाली बसवायचं ठरलं. पानावर तारीख पुन्हा आली. दवाखान्याच्या सूचनेपुढे मात्र बाई स्वतः खरी तारीख घालतात.

सोमवारी मी वाचनालयात गेले तेव्हा बाई नव्या दोऱ्याने कात्री बांधत होत्या. त्यांनी माझ्यासमोर एक तपकिरी पाकीट ठेवलं. आत त्या बावीस कागदांतला तळहाताएवढा एक तुकडा, कडा अगदी सरळ कापलेल्या: थांबलेलं घड्याळ घरी कसं तपासावं. मागे पेन्सिलीने खरी, चार वर्षांपूर्वीची तारीख. पाकिटावर लिहिलं होतं, "घड्याळं".

"हा तर ह्यांचा विषय," मी म्हटलं.

"होता. आता नऊ घड्याळं तुमच्या वाट्याला आहेत. ती माणसं विचारून गेली. काहीतरी वाचायला लागा."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, पुन्हा सूचना आली: उद्या नऊ ते पाच पाणी बंद, मोठ्या टाकीची डावी भिंत. तारीख त्याच दिवसाची होती, तरी गल्लीत कुणी हलेना. बेकरीवाली हसली. जाऊनेही फोन पालथा टाकला. "एकदा फसले, आता नाही."

साडेअकराला ती पाव आणायला गेली आणि पळतच परत आली. वाचनालयाच्या दाराशी छापील पान होतं, आणि त्या सूचनेसमोर पेन्सिलीने लिहिलं होतं: "ही आजचीच आहे. मी बघितली." खाली बाईंची बारीक सही.

"ताई, उठा! सही आहे. खरंच जाणार पाणी."

या वेळी मीही दोन बादल्या भरल्या. बुधवारी बरोबर नऊ वाजता नळ थांबला, तसं डायरीत लिहून ठेवलं आहे, तारखेसकट.